दाखल्यावरची शाई

रेहाना दारात आली तीच ओरडत. "मनुताई, बाहेर ये! बघ काय करून ठेवलंयस ते!"

मनुबाई पडवीत बसून प्रिंटरचं कार्ट्रिज भरत होती. सुई आत असताना ती कुणासाठीही उठत नसे. तिने सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबला, भोकाच्या तोंडाशी काळा थेंब चमकला तशी थांबली, सुई काढली, भोकावर चिकटपट्टी लावली आणि मगच मान वर केली.

रेहाना दोन घरं सोडून राहायची. नवरा मोहम्मद बोर्ली पंचतनच्या नाक्यावर रिक्षा लावायचा. मुलगी दुआ यंदा दहावीला शाळेत दुसरी आली, तेव्हा पहिला पेढा मनुबाईच्याच हातावर ठेवला होता. आज मनुबाईच्याच घराशी वैर असल्यासारखी ती पायरीवर उभी होती आणि तिच्या हातात एक कागद होता.

"श्रीवर्धनच्या कॉलेजात गेलो होतो, अकरावीला. तिथल्या क्लार्कने हे तोंडावर फेकलं. म्हणाला, खाडाखोड केलेला दाखला चालत न्हाय."

दुआचा शाळा सोडल्याचा दाखला होता तो. रिक्षातून जाताना प्लास्टिकच्या फाईलीत वरून थोडं पावसाचं पाणी शिरलं असावं. वरच्या भागातली अक्षरं पसरून एकमेकांत शिरली होती. 'दुआ मोहम्मद मुकादम' यातलं फक्त 'मुकादम' नीट वाचता येत होतं. जन्मतारखेच्या जागी जांभळट काळा डाग. खाली हेडसरांची सही आणि शाळेचा शिक्का मात्र जागच्या जागी.

"ही माझी शाई न्हाय," मनुबाई म्हणाली.

"शाळेतला भागोजी क्लार्क म्हणतो तुझीच. शाळेचा प्रिंटर तूच भरतेस."

"भरते. अकरा वर्षं भरते. माझी काळी शाई पाण्याला हटत न्हाय, रेहाना. मी भरलेली असती तर हा कागद बादलीत बुडवलास तरी असा झाला नसता."

"मग हे काय हाय? अल्लाने पुसलं?" रेहानाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "शनिवारी शेवटची तारीख हाय. आज गुरुवार. शाळा म्हणते दुय्यम प्रत काढा. त्याला स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करा, दाखला हरवला असं लिहून द्या. हरवला कुठे? हातात हाय माझ्या! माझ्या पोरीने खोटं का लिहून द्यायचं?"

मनुबाई उठली. अठ्ठावन्न वर्षांची, उंचीने कमी, पण उठली की समोरचा एक पाऊल मागे जायचा. मुंबईत एका घड्याळाच्या कारखान्यात तिने बावीस वर्षं भिंगाखाली बारीक चाकं बसवली होती. कारखाना बंद पडला, नवरा गेला, तशी ती गावी परतली. हात स्थिर होते, डोळे शाबूत होते. पनवेलच्या भावेशकडून ती कार्ट्रिज भरायला शिकली आणि बोर्लीपासून हरिहरेश्वरपर्यंत जिथे जिथे प्रिंटर होता तिथे तिथे जाऊ लागली. तिच्या कामावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"चल शाळेत," ती म्हणाली.

शाळेच्या ऑफिसात भागोजी क्लार्क दाखल्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवूनच बसला होता. दुआचा दाखला पहिला नव्हता. सकाळपासून तीन पालक असेच कागद घेऊन येऊन गेले होते.

"मनुबाई, मी काय करू? हेडसर विचारतात शाई कुणाची. मी खोटं सांगू?"

"प्रिंटरला दुसऱ्या कुणी हात लावला?"

"साहिल येऊन गेला मे महिन्यात. कॉम्प्युटर बघायला."

एवढं पुरलं. साहिलचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं. बाहेर मोठा फलक, आत काचेचं कपाट, आणि कपाटात 'सर्व प्रिंटरना चालेल' असं लिहिलेल्या शाईच्या बाटल्यांची रांग. मनुबाईला त्या बाटल्या बघूनच संताप यायचा. सर्व प्रिंटरना चालणारी शाई नसतेच. शाई मुळात दोन जातींची. एकीत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. ती फोटोंना झकास, पण पाणी लागलं की वाहते. तिला बाजारात डाय म्हणतात. दुसरीत रंगाची अगदी बारीक पूड असते, ती कागदावर बसली की उठत नाही. ती पिगमेंट. शाळेच्या प्रिंटरच्या काळ्या कार्ट्रिजला पिगमेंटच लागायची आणि मनुबाई तीच भरायची. मग डाय कुणी घातली?

भर बाजारात, भाजीवाल्या बायकांच्या देखत, ती दुकानाच्या पायरीवर उभी राहिली.

"साहिल! बाहेर ये. माझ्या कार्ट्रिजमध्ये काय ओतलंस?"

साहिल मोबाइलवर बोलत होता. त्याने फोन खाली घेतला. "मावशी, कसलं कार्ट्रिज?"

"शाळेचं. चार पोरांचे दाखले धुऊन निघाले. तुझी ती सगळ्यांना चालणारी शाई ओतलीस आणि नाव माझं घेतलंस. धंदा पाहिजे ना शाळेचा? मग मागून घ्यायचा होतास. अशी घाण कशाला करायची?"

"मी प्रिंटर उघडलासुद्धा नाही. कॉम्प्युटरचा पंखा बदलला आणि आलो. भागोजीला विचारा."

"चोर असंच बोलतो."

साहिलचा चेहरा उतरला, मग लाल झाला. आत त्याची बायको साक्षी उभी होती. गिऱ्हाईकं होती. "मावशी, वयाचा मान ठेवून गप्प बसतोय. तुम्ही जा आता."

"जाते. पुरावा घेऊन येते. मग बघू कोण गप्प बसतो."

पुराव्यासाठी तिने शाळेतून ते कार्ट्रिज मागून घेतलं होतं. घरी आल्यावर तिने त्याच्या तोंडाला ओला टिश्यू लावला. काळ्याच्या कडेने जांभळी झाक पसरत गेली. डाय. तिला आनंद झाला. पकडला, असं ती स्वतःशी म्हणाली. आता आपल्या बाटलीतली शाई शेजारी दाखवायची, की साहिलला तोंड वर करायला जागा उरणार नाही.

तिने भिंतीवरचं गेल्या वर्षी छापलेलं दरपत्रक काढलं, त्याची एक पट्टी फाडली आणि वाटीभर पाण्यात टाकली. अक्षरं जशीच्या तशी राहिली. मग तिने सध्याची बाटली घेतली. तेच लेबल, तोच निळा झेंडा, तेच बूच. सुईने कागदावर एक रेघ ओढली, पंख्याखाली वाळवली आणि बोट ओलं करून वरून फिरवलं.

रेघ तिच्या बोटाबरोबर आली.

तिने दुसरी रेघ ओढली. यावेळी अर्धा तास वाळू दिली. पुन्हा तेच. तिसरीला तिने बोट लावलंच नाही, नुसता पाण्याचा थेंब सोडला. रेघेतून जांभळा धूर निघावा तसा रंग पसरला.

मनुबाई खाली बसली. तिला एक गोष्ट आठवली आणि आठवल्यावर ती विसरता येईना. ही बाटली पहिल्यांदा उघडली तेव्हा शाई सुईत पटकन चढली होती. नेहमी जरा जड चढायची, दट्ट्या ओढताना अंगठ्याला कळायचं. त्या दिवशी सरसर चढली आणि तिला बरंच वाटलं होतं, काम लवकर झालं म्हणून. अंगठ्याने सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. सुरुवातीची दोन वर्षं ती प्रत्येक नवी बाटली पाण्याने तपासायची. मग भावेशवर भरवसा बसला आणि तपासणं सुटलं.

तिने भावेशला फोन लावला.

"बोला मनुबेन, किती बाटल्या पाठवू?"

"काळ्या बाटलीत काय भरलंस?"

"काळी शाई. बीजू शूं, दुसरं काय भरणार?"

"भावेश, मी पाण्यात टाकून बघितली. ही पिगमेंट न्हाय."

मग भावेश हलक्या आवाजात म्हणाला, "बेन, ते माल बंद झाला. तीन-चार महिना झाला. आता हेच येते. प्रिंट तर चांगली काळी येते ना? बधा, सगळे लोक हेच वापरते."

"लेबल जुनं हाय."

"लेबल छापून पडली होती, बेन. फेकून थोडी देणार?"

"मला सांगितलं का न्हाय?"

"अरे, सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती?" तो हसला, जवळच्या माणसाशी हसतात तसा. "कोण पाण्यात बुडवून बघते, मनुबेन? तुम्ही पण एकदम..."

"पोरांचे शाळेचे दाखले हायत ते!" ती अशी ओरडली की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबून बघू लागला. "आयुष्यभर सांभाळायचा कागद हाय तो. तू लेबल वाचवलंस? माझ्या हाताने घाण छापून घेतलीस, अकरा वर्षं बेन बेन करून?"

"रागावू नका. दोन बाटल्या फ्री पाठवतो."

तिने फोन ठेवला. तिने बाटली उचलली, अंगणात भिरकावायला हात वर केला आणि पुन्हा खाली आणला. मग दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून त्यांचा फोटो काढला. खाली बाटलीचं लेबल ठेवून दुसरा काढला. म्हसळा, माणगाव, महाड, मुरूड, जिथे जिथे भावेशची शाई घेऊन कार्ट्रिज भरणारं माणूस तिला माहीत होतं, त्या प्रत्येकाला तिने दोन्ही फोटो पाठवले आणि खाली बोलून सांगितलं, "लेबल बघू नका. पाणी टाकून बघा." थोड्या वेळाने भावेशचे फोन यायला लागले. तिने एकही उचलला नाही.

पण भावेशवर कितीही चिडली तरी एक गोष्ट उरतच होती. बाजारात ती साहिलला चोर म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर जाऊन बसली. साहिलने शटर वर केलं, तिला पाहिलं आणि तिच्या बाजूने आत गेला.

"शाई माझी होती," ती त्याच्या मागोमाग आत जाऊन म्हणाली. "तू हात लावला नव्हतास. मला पनवेलवरून फसवलं, आणि मी तपासलं न्हाय. चूक माझी हाय."

साहिल काउंटर पुसत राहिला. "काल तुम्ही हळू बोलला नव्हता, मावशी."

मनुबाईला वाटलं, वळावं आणि चालू पडावं. पण तो बरोबर बोलत होता, आणि त्यामुळेच ते जास्त लागत होतं. ती पायरीवर आली. समोर जनी भाजीवाली टोपली उतरवत होती, काल सगळ्यात पुढे उभी राहून ऐकत होती तीच.

"ए जने! काल मी साहिलला चोर म्हटलं, ऐकलंस ना? ते खोटं होतं. शाई माझी खराब होती. आता हे पण सगळ्यांना सांग. कालचं सांगितलंस तसंच सांग!"

जनी टोपली हातात धरून बघतच राहिली. मनुबाई वळली. "झालं समाधान?"

"झालं," साहिल म्हणाला. तो हसला नाही, पण फडकं बाजूला ठेवलं. "आता काय पाहिजे?"

"शाळेच्या प्रिंटरचं काळं कार्ट्रिज. कंपनीचं, सीलबंद. जुन्याचा स्पंज आता दोन शायांनी बिघडलाय, धुऊन पण उपयोग न्हाय. आणि तुझी ती सगळ्यांना चालणारी बाटली मला दाखवू नकोस."

"ती मीही दाखल्यांना देणार नाही." त्याने कपाटातून खोकं काढलं. मनुबाईने खोक्यावरचा नंबर दोनदा वाचला, सील बघितलं, तारीख बघितली. काउंटरवर सील तोडून तिने कार्ट्रिजचं तोंड कागदावर टेकवलं, उमटलेला ठसा वाळू दिला आणि साक्षीकडे पाण्याचा पेला मागितला. साहिलने कपाळावर हात मारला. "मावशी, कंपनीचं आहे ते!"

"काल माझं पण खात्रीचंच होतं," ती म्हणाली आणि पाणी टाकलं. ठसा हलला नाही.

हेडसर पन्नाशीचे, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या टेबलावर दुय्यम प्रतीच्या अर्जांचा नवा गठ्ठा तयार होता.

"मनुबाई, नियम नियम आहे. एकदा मूळ दाखला दिला की दुसरा दुय्यमच निघतो. पालकांनी प्रतिज्ञापत्र आणावं."

"काय लिहायचं त्यात? हरवला? एकाचाही हरवला न्हाय, सर. सगळे घरात हायत. ज्यांच्यावर पाणी पडलं न्हाय त्यांना अजून माहीत पण न्हाय. दोन वर्षांनी कळेल, पोरगं नोकरीला उभं असेल तेव्हा."

"तुमच्या शाईमुळे झालं हे."

"व्हय, माझ्याच. म्हणून तर आले. पण शाळेने खराब कागद दिला, तो शाळेने परत घ्यावा आणि चांगला द्यावा. यात पोरांनी खोटी शपथ का घ्यायची? माझी शाई उतरली, तुमची सही तर उतरली न्हाय ना? मग त्या सहीला जागा."

भागोजीने मान खाली घातली. हेडसरांनी चष्मा काढला. "वरून तपासणी आली तर मी काय दाखवू? कुणाच्या जबाबदारीवर मूळ दाखले रद्द केले म्हणून सांगू?"

"माझ्या. द्या कागद."

भागोजीने कोरा कागद पुढे केला. मनुबाईने शाळेच्याच बॉलपेनने, मोठ्या अक्षरांत, थांबत थांबत लिहिलं. अमुक तारखेला मी शाळेच्या प्रिंटरमध्ये न तपासलेली शाई भरली. त्या शाईने छापलेले दाखले पाण्याने खराब होतात. यात विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा दोष नाही. खाली पूर्ण नाव घातलं, मंजुळा रामा पाटील. लोक मनुबाई म्हणत म्हणून तिला ते लिहायला क्षणभर वेळ लागला.

हेडसरांनी ते दोनदा वाचलं. हा कागद हातात आला आणि त्यांचा नियम जरा सैल झाला. "हे दप्तरात राहील. यापुढे शाळेचं काम तुम्हाला देता येणार नाही, हे समजतं ना?"

"समजतं."

"आणि हे गावात कळणार."

"मीच सांगितलंय गावात," ती म्हणाली. तिच्या आवाजातली धार ऐकून हेडसरांनी भागोजीला रजिस्टर काढायला सांगितलं.

जनरल रजिस्टर उघडून भागोजीने त्या तारखेनंतरचे दाखले मोजले. सदतीस. मनुबाईने नवं कार्ट्रिज बसवलं, तपासणीचं पान काढलं, रेघा अखंड आल्या. दुपारपर्यंत प्रिंटर चालू होता. पालकांना निरोप गेले, ते जुने कागद घेऊन आले. काहींना खरंच काही माहीत नव्हतं. एका बापाने मनुबाईला तोंडावर शिवी दिली. तिने ऐकून घेतली. दुसऱ्याने दिली तेव्हा मात्र ती म्हणाली, "एकदा झालं. आता कागद घे आणि नाव तपास. आडनावात चूक असेल तर आत्ता बोल."

रेहाना शेवटी आली. दुआ तिच्या मागे. मनुबाईने तिचा दाखला सगळ्यात आधी छापून बाजूला ठेवला होता. रेहानाने तो घेतला, उजेडात धरला, नाव वाचलं, जन्मतारीख वाचली.

"काल तू म्हणालीस, बादलीत बुडव तरी काही होणार न्हाय," ती म्हणाली.

"म्हणाले होते."

"मला खरं वाटलं होतं, मनुताई. मी भागोजीशी भांडायला निघाले होते तुझ्यासाठी."

दुआ मध्येच हळू आवाजात म्हणाली, "अम्मी, उद्या सकाळचीच गाडी आहे, चल, कागद आजच झेरॉक्सला टाकायचेत." रेहानाने दाखला दोन पिशव्यांत गुंडाळला आणि पदराखाली धरला. दारापाशी ती थांबली, पण मागे वळली नाही.

शनिवारी दुआला श्रीवर्धनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ही बातमी मनुबाईला मोहम्मदने नाक्यावर सांगितली. रेहाना त्यानंतर बरेच दिवस पडवीत आली नाही.

सोमवारपासून मनुबाईने वही काढून प्रत्येक गिऱ्हाईकाकडे जायला सुरुवात केली. बोर्लीतला फोटो स्टुडिओ, दिवेआगरचं होमस्टे, पंचायत. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य. मी भरलेली काळी शाई खराब निघाली, कार्ट्रिज परत द्या. कुणी चांगलं म्हटलं, कुणी दार लावलं. पंचायतीने कार्ट्रिज दिलं आणि तिला काम देणं बंद केलं.

हरिहरेश्वरला पोचेपर्यंत दुपार झाली. लॉजवाला गणराज जेवण उरकून काउंटरवर पेंगत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"मनुबाई, तुम्ही पण ना! खोलीची पावती कोण भिजवत बसतंय? मला कळलं पण नसतं. उगाच येऊन सांगितलंत, आता मला नवीन घ्यावं लागेल."

मनुबाईने पिशवी काउंटरवर आपटली. "तुला कळलं नसतं म्हणूनच आले! भावेशला पण असंच वाटलं, कळणार न्हाय. काढ ते कार्ट्रिज."

"अहो, चिडता कशाला?"

"चिडणार. काढ."

गणराजने प्रिंटरचं झाकण उघडलं. कार्ट्रिज निघेना, तशी ती स्वतःच काउंटरच्या आत शिरली. त्याला बाजूला सारलं, बोटाने खिट्टी दाबून कार्ट्रिज बाहेर काढलं आणि टिश्यूत गुंडाळलं. मग परतीच्या एसटीला अजून किती वेळ आहे ते विचारलं.